एकच उलटी केबल एका पेडलला चालते, दुसऱ्याला का चालत नाही?

रत्नदुर्ग (रत्नागिरी), प्रश्न

नमस्कार. माझ्या पेडलबोर्डच्या, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पेडल मांडलेल्या फळीच्या, वीजपुरवठ्याबाबत एक कोडे पडले आहे. अंदाजाने काही करून पाहण्याची आता इच्छा नाही, म्हणून घडले ते सगळे सविस्तर लिहितो.

बोर्डवर पाच पेडल आहेत. ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह आणि डिजिटल डिले ही तीन नेहमीच्या पद्धतीची, म्हणजे ९ व्होल्ट डीसी आणि मधली पिन ऋण अशी आहेत. चौथा आहे 'बिग मफ' नावाचा जुना, मोठ्या पेटीचा पेडल. त्याला हेडफोनच्या पिनेसारखी दिसणारी ३.५ मिलिमीटरची पिन लागते आणि त्या पिनेचे टोक धन असावे लागते. पाचवा आहे माझ्या मित्राने हाताने बनवलेला फझ, म्हणजे गिटारचा आवाज जाडसर आणि फाटका करणारा पेडल. त्याच्या आजोबांच्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतून काढलेले दोन एसी१२८ जर्मेनियम ट्रान्झिस्टर त्यात बसवलेले आहेत आणि त्याच्या आवाजात जी ऊब आहे ती मला दुसऱ्या कोणत्याही पेडलमध्ये मिळालेली नाही. इतकी वर्षे तो केवळ बॅटरीवर चालत होता. मागच्या महिन्यात मित्राने त्याला अडॅप्टरचे सॉकेट बसवून दिले आणि 'सेंटर पॉझिटिव्ह आहे, लक्षात ठेव' असे बजावून सांगितले.

पुरवठ्यासाठी माझ्याकडे ९ व्होल्ट, १७०० मिलिअँपिअरचा एक अडॅप्टर आणि पाच तोंडांची डेझी चेन, म्हणजे एकाच अडॅप्टरची वीज पाच प्लगांत वाटणारी केबल, आहे. सेंटर पॉझिटिव्ह पेडलांसाठी मी वीतभर लांबीची एक केबल स्वतः डाख देऊन तयार केली, जिच्या एका टोकाची मधली तार दुसऱ्या टोकाच्या बाहेरच्या भागाला जाते. मल्टिमीटरने तपासली, ती बरोबर उलटी आहे.

आता घडले ते असे. उलटी केबल आणि पुढे ३.५ मिलिमीटरची पिन लावून बिग मफ चेनवर घेतला आणि बाकीच्या तिन्ही पेडलांसह तासभर वाजवला, काहीही बिघडले नाही. नंतर तीच केबल फझला लावली. गिटार, फझ आणि अँप एवढीच जोडणी असताना फझही उत्तम वाजला. परंतु पॅच केबलने, म्हणजे दोन पेडलांमधल्या आवाजाच्या आखूड केबलने, तो ओव्हरड्राइव्हला जोडताक्षणी सगळ्या पेडलांचे दिवे विझले आणि अडॅप्टरवरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. मी दहा-पंधरा सेकंद नुसता बघत राहिलो, तेवढ्यात मधली पॅच केबल हाताला कोमट लागली. ती उपसून काढल्यावर सगळे दिवे परत आले.

अडॅप्टर तोच आणि उलटी केबलही तीच असताना बिग मफला चालते ते फझला का चालू नये? मित्राच्या हातून सॉकेटचे जोडकाम चुकले असेल का? आणि ते सॉकेट बदलून 'सेंटर निगेटिव्ह' करून घेतले तर अडचण सुटेल का? गणपतीचे कार्यक्रम महिनाभरावर आले आहेत आणि फझ बोर्डवर असावा अशी फार इच्छा आहे.

सुरूबन (दापोली)

फझ चेनवरून आजच काढा आणि त्यात बॅटरी घाला. मित्राचे काहीही चुकलेले नाही. तुमचा फझ पीएनपी प्रकारच्या ट्रान्झिस्टरांचा असल्यामुळे त्याचे ग्राउंड धन आहे, तर बाकीच्या पेडलांचे ग्राउंड ऋण आहे, आणि पॅच केबलच्या जाळीने तुम्ही एकाच अडॅप्टरची दोन्ही टोके एकमेकांना जोडलीत. सॉकेट सेंटर निगेटिव्ह करून घेतल्याने यात काडीचाही फरक पडणार नाही. तपशील जाणकार लिहितीलच, परंतु 'पुन्हा एकदा जोडून पाहू' असे मनात येण्याआधी एवढे सांगणे निकडीचे वाटले.

कथील (चिपळूण)

सुरूबन यांचे निदान अचूक आहे. मी ध्वनिवर्धक आणि कीबोर्ड दुरुस्तीचे काम करतो आणि याच गल्लतीमुळे बंद पडलेली पेडल दरवर्षी माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे थोडे मुळापासून लिहितो.

'सेंटर पॉझिटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह ग्राउंड' या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि दुर्दैवाने दोन्हींना आपण 'पोलॅरिटी' हा एकच शब्द वापरतो. पहिली गोष्ट प्लगची आहे, म्हणजे अडॅप्टरच्या पिनेतला मधला भाग धन आहे की बाहेरची नळी धन आहे एवढेच ती सांगते. दुसरी गोष्ट पेडलच्या आतल्या सर्किटची आहे, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक पेडलच्या धातूच्या पेटीला, इनपुट-आउटपुट जॅकच्या बाहेरच्या भागाला आणि पर्यायाने गिटारच्या केबलच्या जाळीला जोडलेले आहे हे ती सांगते. प्लगची दिशा दोन तारा अदलाबदल करून कधीही बदलता येते. ग्राउंड मात्र सर्किटच्या रचनेतच ठरलेले असते, बाहेरून कोणतीही केबल लावून ते बदलता येत नाही.

आता तुमची दोन पेडल शेजारी ठेवून पाहा. बिग मफच्या पिनेचे टोक धन असले तरी त्याच्या आतले ग्राउंड ऋणच आहे. उलटी केबल लावल्यावर अडॅप्टरचे ऋण टोक त्याच्या पेटीला मिळाले, बाकीच्या तिन्ही पेडलांच्या पेट्याही त्याच ऋण टोकावर आहेत, त्यामुळे पॅच केबलने जाळीला जाळी जोडली गेली तेव्हा ऋण ऋणालाच मिळाले आणि काहीच घडले नाही. फझच्या बाबतीत उलटी केबल लावल्यावर अडॅप्टरचे धन टोक पेटीला मिळाले. एकटा असताना त्याला हरकत नव्हती, कारण दोन पिनांचा अडॅप्टर जमिनीशी बांधलेला नसतो, तो तरंगता असतो आणि अँपच्या ग्राउंडला त्याचे कोणतेही एक टोक जोडले तरी त्याला फरक पडत नाही. परंतु ओव्हरड्राइव्ह जोडताच त्याच अडॅप्टरचे धन टोक फझच्या पेटीतून पॅच केबलच्या जाळीवर आणि तिथून ओव्हरड्राइव्हच्या पेटीतून ऋण टोकावर असा सरळ रस्ता तयार झाला. केबल कोमट झाली ती या शॉर्टमुळे. अडॅप्टरमध्ये संरक्षण असल्याने तो थोड्या-थोड्या वेळाने बंद-चालू होत राहिला आणि लुकलुकला. साधा, संरक्षण नसलेला अडॅप्टर असता तर एवढ्यावर भागले नसते.

यावरून सॉकेट बदलण्याच्या तुमच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. मित्राने सॉकेट सेंटर निगेटिव्ह केले तर धन टोक प्लगच्या बाहेरच्या नळीतून येईल, पण जाईल पेटीलाच. शॉर्टचा रस्ता तोच राहील, फक्त तो उलट्या केबलशिवाय घडेल आणि म्हणून पुढच्या माणसाच्या लवकर लक्षात येणार नाही. मित्राने मधली पिन धन ठेवली हे मला योग्यच वाटते, कारण त्यामुळे निदान थांबून विचार करावा लागतो.

असे का घडले, तर सुरुवातीच्या काळात मिळणारे चांगले जर्मेनियम ट्रान्झिस्टर मुख्यतः पीएनपी प्रकारचे होते. पीएनपीचे एमिटर हे टोक ग्राउंडला ठेवले की कलेक्टर या टोकाला ऋण विद्युतदाब द्यावा लागतो आणि बॅटरीचे धन टोक आपोआप ग्राउंड होते. १९६६ मध्ये आलेला 'फझ फेस' हा मूळ पेडल याच घडणीचा, एनकेटी२७५ किंवा एसी१२८ ट्रान्झिस्टरांचा होता, आणि तुमच्या मित्राचा फझ बहुधा त्याच नकाशावर बेतलेला असावा. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंची रचनाही पुष्कळदा अशीच असे, त्यामुळे ज्यांनी तरुणपणी रेडिओ दुरुस्त केले आहेत त्यांना धन ग्राउंडचे मुळीच नवल वाटत नाही. पुढे बीसी१०८ सारखे सिलिकॉन एनपीएन, म्हणजे पीएनपीच्या उलट ध्रुवतेचे, ट्रान्झिस्टर आले आणि त्याच फझ फेसच्या नंतरच्या आवृत्त्या ऋण ग्राउंडच्या झाल्या. तेव्हा 'फझ आहे म्हणजे धन ग्राउंड' असेही समजू नये, आत काय आहे ते पाहावे.

आणखी एक शंका मला नेहमी विचारली जाते, ती अशी की घरातल्या बहुतेक उपकरणांच्या अडॅप्टरची मधली पिन धन असताना पेडलांनीच ही उफराटी पद्धत का घेतली. त्याचे कारण बॅटरी आहे. पेडलच्या इनपुटला स्टिरिओ जॅक असतो आणि गिटारची केबल आत गेली की बॅटरीचे ऋण टोक त्या जॅकमधूनच ग्राउंडला मिळते, म्हणून तर केबल काढून ठेवली की बॅटरी वाचते. अडॅप्टर लावल्यावर बॅटरी सुटी व्हायला हवी, आणि ऋण बाजू आधीच जॅकमध्ये गुंतलेली असल्याने तोडायची राहते ती धन बाजू. अडॅप्टरच्या सॉकेटमध्ये आपोआप उघडणारा संपर्क असतो तो बाहेरच्या नळीच्या बाजूला, मधल्या पिनेच्या बाजूला नव्हे. त्यामुळे धन बाहेर आणि ऋण मध्ये अशी विभागणी सोयीची ठरली. १९७७ पासून आलेल्या बॉस कंपनीच्या छोट्या पेडलांमुळे हीच रीत सर्वत्र रुळली आणि ५.५ बाय २.१ मिलिमीटरचा सेंटर निगेटिव्ह प्लग हा जवळजवळ प्रघात होऊन बसला.

तुमच्या बोर्डवर काहीही जोडण्याआधी पुढील तपासणी करा, पेडल उघडावे लागत नाही. बॅटरी काढून ठेवा, अडॅप्टर लावू नका. पेडलच्या इनपुटला गिटारची केबल लावा आणि तिचे दुसरे टोक मोकळे टेबलावर ठेवा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे ज्या खुणेवर तो वाजतो तिथे ठेवा. एक सुई केबलच्या मोकळ्या पिनेच्या लांब, बाहेरच्या भागाला टेकवा आणि दुसरी अडॅप्टरच्या सॉकेटमधल्या मधल्या पिनेला. मीटर वाजला तर मधली पिन म्हणजे ग्राउंड. न वाजल्यास सॉकेटमध्ये एक रिकामा प्लग घालून त्याच्या बाहेरच्या भागाला सुई लावून पाहा. आता पेडलवरच्या खुणेनुसार ग्राउंडवाल्या टोकाला धन यायचे आहे की ऋण, ते लिहून काढा. धन येत असेल तर ते पेडल इतरांच्या चेनवर कोणत्याही परिस्थितीत घ्यायचे नाही.

सुरंगी (वेंगुर्ला)

कथील यांचे उत्तर वाचताना मला माझ्या डिलेची आठवण झाली. माझ्याकडून ग्राउंडची नव्हे तर प्लगची चूक झाली होती, परंतु आपल्याकडे ती फार सहज होऊ शकते म्हणून लिहिते.

दोन पावसाळ्यांपूर्वी वीज वारंवार जात असताना पेडलचा अडॅप्टर बिघडला. घरात वायफाय राउटरचा एक अडॅप्टर पडून होता. त्यावर ९ व्होल्ट आणि ०.६ अँपिअर असे छापलेले होते, पिन अगदी चपखल बसली आणि व्होल्ट जुळले म्हणजे झाले असे मला वाटले. पेडलचा दिवा लागला नाही आणि अडॅप्टर तापू लागला. तेव्हाच थांबायला हवे होते. मी मात्र अडॅप्टर कमजोर असावा असे समजून दुसऱ्या राउटरचा, १२ व्होल्ट आणि २ अँपिअरचा अडॅप्टर लावला. आतून टिक असा बारीकसा आवाज आला आणि करपल्याचा वास खोलीभर पसरला. त्यानंतर योग्य अडॅप्टर आणूनही पेडल सुरू होईना.

दोन्ही राउटरच्या अडॅप्टरची मधली पिन धन होती. पुष्कळ पेडलांमध्ये पुरवठ्याच्या दोन टोकांमध्ये १एन४००१ जातीचा एक डायोड उलटा बसवलेला असतो. पुरवठा सुलट असेपर्यंत तो गप्प असतो, उलट झाला की तो वीज स्वतःतून वाहू देतो आणि पुढच्या सर्किटपर्यंत जेमतेम पाऊण व्होल्ट पोहोचतो. पहिला अडॅप्टर ०.६ अँपिअरचा असल्याने १ अँपिअर क्षमतेचा तो डायोड टिकला. दुसऱ्याने तो जाळला, आणि जळताना डायोड आतून शॉर्ट झाल्यामुळे योग्य अडॅप्टरलाही वाट बंद झाली. सावंतवाडीच्या कारागिरांनी पेडल उघडून तो काळा पडलेला, राईच्या फोडणीसारखा फुटलेला तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि रुपया-दोन रुपयांचा नवा डायोड बसवल्यावर पेडल पुन्हा वाजू लागले. बाकीचे सर्किट सुखरूप होते. डायोड नसता तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलट्या दाबाने फुगले असते आणि आयसी गेल्या असत्या.

तेव्हापासून अडॅप्टरच्या पाठीवरचे चित्र पाहिल्याशिवाय मी काही जोडत नाही. मध्ये एक ठिपका, भोवती एका बाजूने उघडे वर्तुळ आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणे अशा खुणा असतात. ठिपक्यापासून निघालेली रेष ज्या खुणेकडे जाते ती मधल्या पिनेची. वाद्यवृंदात तर आणखी जपावे लागते, कारण कॅसिओ कीबोर्डचे जुने ९ व्होल्टचे अडॅप्टर सेंटर निगेटिव्ह असतात आणि यामाहाचे १२ व्होल्टचे सेंटर पॉझिटिव्ह. मंडपामागच्या अंधारात दोन काळे अडॅप्टर एकमेकांच्या जागी जायला क्षण लागत नाही. आम्ही प्रत्येक प्लगच्या मानेवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळली आहे, सेंटर पॉझिटिव्हला तांबडी.

एसी लिहिलेला अडॅप्टर मात्र या सगळ्या हिशेबाच्या बाहेर ठेवावा. लाइन सिक्सचा मूळ डीएल४ आणि डिजिटेकचा चौथ्या पिढीचा व्हॅमी यांना ९ व्होल्ट एसी लागतो. अशा अडॅप्टरला धन-ऋण नसते, त्यामुळे उलट्या केबलने तो डीसी पेडलसाठी वापरता येत नाही आणि चेनवर तर मुळीच घ्यायचा नाही.

रत्नदुर्ग (रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री कथील यांनी सांगितल्याप्रमाणे एकेक पेडल टेबलावर घेतले. चेनच्या प्लगमध्ये तांबडी सुई आणि बाहेर काळी सुई लावल्यावर मीटरवर उणे ९.४ आले, उलट्या केबलच्या टोकाला तेच अधिक ९.४ झाले. ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह आणि डिले या तिघांची मधली पिन केबलच्या जाळीशी वाजली. बिग मफचे टोक वाजले नाही, बाहेरचा भाग वाजला. फझला मात्र मधली पिन टेकताच मीटर वाजला, आणि सॉकेटपाशी मित्राने पेनाने काढलेली अधिकची खूण त्याच पिनेकडे रोखलेली होती. इतके दिवस ती खूण डोळ्यांसमोर असून तिचा अर्थ मला आत्ता कळला.

आता पुढचा प्रश्न असा, की फझ बोर्डवर ठेवायचा तर माझ्यापुढे कोणते मार्ग आहेत? मित्र म्हणतो की आत एक छोटी आयसी बसवून ९ व्होल्टचे उणे ९ व्होल्ट करता येतात, मग तो चेनवर चालेल. दुसरे एक गृहस्थ आठ तोंडांचा पॉवर सप्लाय घ्या म्हणतात.

कथील (चिपळूण)

मोजमाप उत्तम केलेत. तीन मार्ग आहेत आणि माझा कल कोणत्या बाजूला आहे हेही स्पष्ट सांगतो.

पहिला मार्ग बॅटरीचा. या फझचे सर्किट एखाद-दोन मिलिअँपिअरच घेते, त्यातला दिवाच त्याहून जास्त खातो. साध्या ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात, त्यामुळे कार्यक्रम संपल्यावर इनपुटची केबल काढून ठेवण्याची शिस्त पाळली तर एक बॅटरी संपूर्ण गणेशोत्सव सहज पार पाडेल. बॅटरी कोणाशीही जोडलेली नसल्यामुळे ग्राउंडचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि पुरवठ्यातली घरघर फझमध्ये शिरत नाही. जर्मेनियम फझला मी स्वतः बॅटरीच देतो.

दुसरा मार्ग स्वतंत्र पुरवठ्याचा. फझसाठी दोन पिनांचा वेगळा ९ व्होल्टचा अडॅप्टर घेऊन तुमची उलटी केबल त्याला लावली, तर शॉर्टचा रस्ता तयार होत नाही, कारण धन-ऋण एकाच पुरवठ्याचे राहत नाहीत. अडॅप्टर रेग्युलेटेड, म्हणजे भार कमी असला तरी ९ व्होल्टच देणारा, असल्याची मात्र खात्री करा. ट्रान्सफॉर्मरचे साधे जड अडॅप्टर ९ व्होल्टचे म्हणून मिळतात, पण ज्याच्यावर भार नाही अशा अडॅप्टरच्या टोकांशी मीटर १२ ते १४ व्होल्ट दाखवतो, आणि फझचा भार तर नगण्यच. अनेक तोंडांचा पॉवर सप्लाय घ्यायचा तर प्रत्येक तोंड आतून अलग असले पाहिजे, ज्याला आयसोलेटेड म्हणतात. पेटीवर आठ वेगळी सॉकेट दिसतात म्हणून ती अलग असतीलच असे नाही. स्वस्त पेट्यांमध्ये पुष्कळदा ती डेझी चेनच असते, केवळ पेटीत बसवलेली. दुकानातच मीटर काढा, पेटीची वीज बंद ठेवून एका सॉकेटच्या मधल्या पिनेपासून दुसऱ्या सॉकेटच्या मधल्या पिनेपर्यंत कंटिन्युइटी पाहा. मीटर वाजला तर ती पेटी तुमच्या फझच्या उपयोगाची नाही. अलग असलेल्या एका तोंडावर उलट्या केबलसह फझ घ्या आणि त्या तोंडावर दुसरे कोणतेही पेडल जोडू नका.

तिसरा मार्ग तुमच्या मित्राचा. आयसीएल७६६० किंवा मॅक्स१०४४ या आयसी कपॅसिटर भरून-उलटवून ऋण दाब तयार करतात आणि मग बाहेरून पेडल नेहमीसारखे ऋण ग्राउंडचे, सेंटर निगेटिव्ह होते. हे काम चोख करता येते, परंतु दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. या आयसी साधारण १० व्होल्टपर्यंतच टिकतात, म्हणजे वर सांगितलेला साधा अडॅप्टर कोणी लावला की त्या जातात. आणि त्यांची स्पंदनसंख्या मुळात सुमारे ५ ते १० किलोहर्ट्झ असल्याने फझसारख्या प्रचंड वर्धन करणाऱ्या सर्किटमध्ये डासासारखी बारीक शीळ ऐकू येते. मॅक्स१०४४ ची पहिली पिन धन दाबाला जोडली की ही स्पंदने ऐकू येण्याच्या पलीकडे जातात. एलटी१०५४ घेतली तर ती १५ व्होल्टपर्यंत टिकते आणि मुळातच २५ किलोहर्ट्झवर चालते, म्हणून मी तीच सुचवीन. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून मागवावी लागेल. मात्र कार्यक्रम महिन्यावर असताना चालत्या पेडलला कात्री लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एक संबंधित गोष्ट. मे महिन्यात किंवा मंडपातल्या दिव्यांच्या धगीत फझचा आवाज तुटक आणि चोंदलेला झाला, तर लगेच पुरवठ्याला दोष देऊ नका. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधली गळती तापमानाच्या दर १० अंशांना जवळजवळ दुप्पट होते आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर जे साडेचार व्होल्टांच्या आसपास हवे ते सरकते. पेडल थोडे गार होऊ द्या, आवाज परत येईल.

देवबाग (मालवण)

वरच्या चर्चेत एक धोका राहून गेला आहे. सेंटर निगेटिव्ह चेनमध्ये प्लगची बाहेरची उघडी नळी हीच धन असते. पाच तोंडांच्या चेनवर चारच पेडल असतील तर पाचवे तोंड बोर्डवर लोंबकळते आणि कोणत्याही पेडलच्या धातूच्या पेटीला टेकले की शॉर्ट होतो, कारण ती पेटी ऋण आहे. फझ चेनवरून काढल्यावर तुमचेही एक तोंड मोकळे राहणार आहे. चेनसोबत येणारे प्लास्टिकचे टोपण त्यावर घाला, नसेल तर चिकटपट्टी गुंडाळा.

बिग मफची ३.५ मिलिमीटरची पिनही चालू अडॅप्टरवर घालू नये. आत सरकताना तिचे टोक क्षणभर सॉकेटच्या बाहेरच्या भागाला घासते आणि तेवढ्यात शॉर्ट होतो. आधी पिन बसवावी, मग अडॅप्टरचे बटण चालू करावे.

आमच्याकडे किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने प्लगवर हिरवट थर चढतो, त्यामुळे पुरवठा मधेच तुटतो आणि लोक ध्रुवतेचा दोष समजून तारा उलट्या करू लागतात. तारांना हात लावण्याआधी प्लग आणि सॉकेट कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून पाहावे.

रत्नदुर्ग (रत्नागिरी)

केलेले काम कळवतो. मित्राला ही सगळी चर्चा वाचून दाखवली. आयसी बसवण्याचे काम त्याने दिवाळीनंतर करायचे ठरवले आणि एलटी१०५४ चे नाव वहीत लिहून घेतले. तोपर्यंत फझ बॅटरीवर राहील. त्याच्या सॉकेटवर आम्ही जाड तांबडी पट्टी लावली आहे आणि तिच्यावर मित्राने स्वतःच्या हाताने 'पेटी धन, चेनवर लावू नये' असे लिहिले आहे. उलट्या केबलच्या दोन्ही टोकांना सुरंगी यांच्याप्रमाणे तांबडी पट्टी आली, चेनच्या मोकळ्या तोंडावर टोपण बसले आणि बिग मफ त्या केबलवर चेनमध्येच आहे.

काल रात्री पाचही पेडल जोडून दोन तास सराव केला. मधल्या विश्रांतीत फझ आणि ओव्हरड्राइव्ह यांच्यामधली पॅच केबल मुद्दाम चिमटीत धरून पाहिली. गार होती.